पद्मिनीचे ब्रेक लाइट पुन्हापुन्हा जातात: बल्ब बदलण्याआधी व्होल्टेज मोजा

तक्रार साधारण अशी असते. ब्रेक लाइट लागत नाहीत. बल्ब बदलला की लागतात. मग एखाद्या पावसानंतर किंवा लांबच्या फेरीनंतर पुन्हा बंद. वायरमनकडे गाडी नेईपर्यंत ते आपोआप चालू झालेले असतात. तो फ्यूज जागच्या जागी फिरवतो, होल्डरवर दोन टपल्या मारतो, "लूज होतं, बसवलं" म्हणतो आणि गाडी घरी येते. थोड्या दिवसांत पुन्हा मागचा स्कूटरवाला शेजारी येऊन ओरडतो, "ओ काका, लाइट लागत नाहीत तुमचे!"

माझ्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे, म्हणून उदाहरणं तिचीच देतोय. पण अँबॅसिडर, स्टँडर्ड हेराल्ड, मॉरिस मायनर, जुनी बीटल यांपैकी काहीही तुमच्याकडे असलं तरी तपासण्याची पद्धत हीच. एक गोष्ट मी पूर्ण खात्रीने सांगतो: परत परत येणारा ब्रेक लाइटचा बिघाड क्वचितच बल्बचा असतो. बॅटरीपासून बल्बपर्यंत आणि बल्बपासून बॉडीपर्यंतच्या वाटेत कुठेतरी व्होल्टेज गळत असतं. ती जागा सापडेपर्यंत बदललेली प्रत्येक वस्तू म्हणजे पैसे वाया.

बिघाड परत का येतो

मागे दोन बल्ब, प्रत्येकी २१ वॉटचे. १२ व्होल्टवर दोघांना मिळून साधारण साडेतीन अँपिअर लागतात. हा आकडा छोटा वाटतो, पण चाळीस-पन्नास वर्षांच्या सांध्यांना तो पेलत नाही. समजा वाटेत एखाद्या काळ्या पडलेल्या सांध्याला अर्धा ओम रोध आला. अर्धा ओम म्हणजे काहीच नाही, साध्या मीटरवर नीट दिसतही नाही. पण बल्ब पेटल्यावर तेवढ्या एका सांध्यात जवळजवळ दीड व्होल्ट खर्च होतात आणि चार-साडेचार वॉट उष्णता तिथेच तयार होते. पितळेची पत्ती तापते, तिचा ताण जातो, तिच्यावर आणखी काळा थर चढतो, रोध वाढतो, पत्ती आणखी तापते. गाडी उभी राहून थंड झाली की पत्ती परत टेकते आणि लाइट लागतो. गॅरेजमध्ये सगळं ठीक आणि सिग्नलला बंद, याचं कारण हे.

दुसरा भाग उजेडाचा. फिलामेंटच्या बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर उजेड जवळजवळ तीस टक्के कमी होतो. म्हणजे बल्ब "लागतो" पण दुपारच्या उन्हात मागच्याला दिसत नाही. पद्मिनीच्या मागच्या काचा आजच्या गाड्यांच्या मानाने लहान आहेत, त्यात प्लास्टिक जुनं होऊन फिकट पडलेलं असतं. एक्स्प्रेसवेवर मागून येणारा ट्रक आपल्याला त्या लाल उजेडावरच ओळखणार आहे. म्हणून "लागतोय ना" एवढ्यावर मी समाधान मानत नाही. बल्बच्या तोंडाशी किती व्होल्ट पोहोचतात, हा खरा प्रश्न.

आधी लक्षण नीट पाहा

मीटर काढण्याआधी पाच मिनिटं फक्त बघा. दोन्ही लाइट एकदम जातात का एकच? दोन्ही जात असतील तर दोष सामाईक वाटेवर आहे, म्हणजे फ्यूज, ब्रेकचा स्विच किंवा त्यांच्यामधली वायर. एकच जात असेल तर पुढच्या बाजूला हात लावूच नका, तो दोष त्या दिव्याच्या बल्बमध्ये, होल्डरमध्ये, अर्थिंगमध्ये (म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीत) किंवा डिकीतल्या त्या फाट्यात आहे.

पेडल हलकं दाबलं की लागत नाहीत आणि जोरात दाबलं की लागतात? मग स्विच किंवा ब्रेकचं काम. पेडल सोडल्यावरही चालूच राहतात? ते वेगळं आणि जास्त गंभीर प्रकरण आहे, त्यावर खाली लिहितो. रात्री टेल लाइट लावल्यावरच ब्रेक लाइट बिघडतो आणि दिवसा बरा असतो? तर जवळजवळ नक्की अर्थिंग.

बल्ब खरंच उडतोय, म्हणजे फिलामेंट तुटलेलं दिसतंय, आणि तेही वारंवार, असं असेल तर मागे शोधू नका. इंजिन जरा वेगात ठेवून बॅटरीवर व्होल्टेज मोजा. साडेचौदाच्या वर जात असेल तर रेग्युलेटर, म्हणजे आपला कट-आउट, जास्त चार्जिंग देतोय. हेडलाइटही लवकर उडत असतील तर खात्रीच समजा.

चाचणीची तयारी

चाकांना दगड लावा, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. काही गाड्यांत ब्रेक लाइटला पुरवठा चावी चालू केल्यावरच मिळतो. अशा वेळी इंजिन बंद ठेवून चावी बराच वेळ चालू ठेवू नका. पॉइंटवाल्या इग्निशनमध्ये पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइलमधून सतत करंट जातो आणि कॉइल तापून खराब होते. कॉइलची पुरवठ्याची वायर काढून तिच्या टोकाला टेप लावा, मग निवांत काम करा.

लागणारं सामान थोडं आहे: साधा डिजिटल मीटर, टेस्ट लॅम्प, मगरीच्या चिमट्यांची, बॅटरीपासून मागच्या दिव्यापर्यंत पोहोचेल एवढी लांब वायर, पॉलिश पेपर आणि एक सणसणीत लाकडी पट्टी. पट्टी सीट आणि पेडलच्या मध्ये अडकवली की पेडल दाबलेलं राहतं. मागे उभं राहून "दाब... सोड... परत दाब" असं ओरडायला कुणी लागत नाही, आणि मोजताना दाब बदलतही नाही.

वायरच्या रंगांवर फार विसंबू नका. कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून निघाली, १९७४ पासून पद्मिनी झाली आणि नव्वदचं दशक सरत येईपर्यंत बनत राहिली. इतक्या वर्षांत बदल झालेच. त्यावर प्रत्येक मालकाच्या वायरमनने हाताला लागेल त्या रंगाची वायर जोडलेली असते. माझ्या गाडीत ब्रेक लाइटची वायर डिकीत पोहोचेपर्यंत तीनदा रंग बदलत होती. दोन ठिकाणी नुसता पीळ देऊन काळी टेप गुंडाळलेली, आणि टेपचा डिंक उन्हाने वितळून हाताला चिकटत होता. टेप सोलली तर आत तांबं हिरवं पडलेलं, जेमतेम चार-पाच तारा शाबूत.

मोजायचं कसं: लाइट पेटलेला असतानाच

इथे बहुतेक जण फसतात, आणि बरेच वायरमनसुद्धा. बल्ब काढून होल्डरमध्ये मीटर लावला, १२ व्होल्ट आले, "सप्लाय बरोबर आहे" म्हणून पुढे गेले. मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. वायरची एकच तार उरलेली असली तरी मीटर १२ व्होल्टच दाखवणार. बल्ब लावून पेटवला, साडेतीन अँपिअर ओढले, की मगच त्या तारेची खरी ताकद कळते. मोजणी नेहमी ब्रेक दाबलेला आणि बल्ब जागेवर असतानाच करायची.

आधी थेट बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. समजा १२.४ आले. आता बल्बच्या तळाच्या टिकलीवर आणि त्याच होल्डरच्या पत्र्यावर मोजा. ११.८ च्या आसपास मिळाले तर जुन्या गाडीसाठी उत्तम. साडेदहा-अकरा आले तर दीड-दोन व्होल्ट कुठेतरी हरवले आहेत. ते जाण्याच्या वाटेत हरवले की परतीच्या, हे पुढच्या दोन मोजण्यांत कळतं.

परतीची वाट: मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर (लांब वायर इथे लागते), लाल वायर होल्डरच्या पत्र्यावर. ०.१ ते ०.२ व्होल्टच्या वर काही दिसलं तर अर्थिंग खराब. जाण्याची वाट: लाल वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, काळी बल्बच्या टिकलीवर. इथे अर्धा व्होल्ट चालेल. जास्त असेल तर टप्प्याटप्प्याने मागून पुढे या. डिकीतला जोड, मग स्विचचं बाहेर जाणारं टोक, मग आत येणारं टोक, मग फ्यूजच्या दोन्ही बाजू. जिथे आकडा एकदम खाली येतो, तिथून लगेच मागचा सांधा दोषी.

बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. त्यांच्यात वरचं सगळं उलट धरा. ६ व्होल्टच्या बीटलमध्ये तेच ४२ वॉट द्यायला सात अँपिअर लागतात, म्हणून तिथे प्रत्येक सांधा दुप्पट त्रास देतो आणि अर्धा व्होल्ट गेला तरी फार झालं.

अर्थिंग, म्हणजे निम्मी दुखणी

पद्मिनीचा मागचा दिवा बॉडीला ज्या स्क्रूने धरलेला असतो, त्याच स्क्रूतून आणि दिव्याच्या पत्र्यातूनच करंट परत जातो. वेगळी अर्थिंगची वायर बऱ्याच गाड्यांत नाही, किंवा होती ती कधीच तुटली आहे. आता विचार करा: गाडीला नवा रंग दिला, दिव्याखाली नवा रबर पॅकिंग घातला, स्क्रू चकचकीत नवे लावले. रंगाचा थर आणि रबर, दोन्ही विजेला अडवतात. रंगकामानंतर ब्रेक लाइट बिघडले, ही तक्रार म्हणूनच इतकी ऐकू येते. कोकणात आणि मुंबईत समुद्राच्या हवेमुळे याच जागा आतून गंजतात, बाहेरून स्क्रू साफ दिसतो.

दोन फिलामेंटचा बल्ब असेल, एक ५ वॉटचं टेल लाइटसाठी आणि एक २१ वॉटचं ब्रेकसाठी, तर खराब अर्थिंग ओळखायची एक हुकमी खूण आहे. रात्री अंधारात, टेल लाइट बंद ठेवून, ब्रेक दाबा आणि डॅशबोर्डकडे बघा. मीटरचे दिवे किंवा नंबर प्लेटचा दिवा मंद लुकलुकला तर अर्थिंग गेलेलंच. होतं असं: ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला बॉडीकडे जायला वाट मिळत नाही, म्हणून तो त्याच बल्बच्या टेलच्या फिलामेंटमधून उलटा निघतो, टेल लाइटच्या वायरीत शिरतो आणि जिथे बॉडी सापडेल तिथे, म्हणजे दुसऱ्या टेल लाइटमधून, नंबर प्लेटच्या दिव्यातून, डॅशबोर्डच्या बल्बमधून बाहेर पडतो. वाटेतले सगळे दिवे थोडे थोडे पेटतात. इंडिकेटर लावल्यावर टेल लाइट त्याच्या तालावर लपलप करतो, तोही याच घराण्यातला दोष.

उपाय स्वस्त आणि कायमचा आहे. प्रत्येक दिव्याच्या होल्डरच्या पत्र्यापासून दीड स्क्वेअर मिलिमीटरची काळी वायर काढा, तिला थिंबल (वायरच्या टोकाला बसणारी धातूची कडी) दाबून लावा आणि डिकीच्या आतल्या बाजूला एका मजबूत नट-बोल्टवर बसवा. त्या जागेचा रंग पॉलिश पेपरने खरवडून पत्रा उघडा करा, खाली दातेरी वॉशर घाला, बोल्ट आवळल्यावर वरून व्हॅसलीन किंवा ग्रीसचा हात फिरवा म्हणजे गंज चढणार नाही. दोन्ही बाजूंच्या काळ्या वायरी एकमेकींना जोडून टाका. इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी आणि बॅटरीची काळी केबलही त्याच दिवशी काढून साफ करा.

होल्डर आणि बल्ब

होल्डरच्या तळाशी तपकिरी फायबरची चकती असते, तिच्यात पितळेच्या टिकल्या आणि खाली स्प्रिंग. स्प्रिंग तापून मऊ पडते आणि टिकली बल्बला नीट दाबत नाही. बोटाने दाबून बघा, चटकन वर यायला हवी. चकती जळून काळी पडली असेल तर तो काळा भाग कोळशासारखा थोडा करंट वाहून नेतो आणि ब्रेक-टेल एकमेकांत मिसळतात. अशी चकती घासून उपयोग नाही, होल्डरच बदला.

दोन फिलामेंटच्या बल्बच्या खिट्या वरखाली असतात, म्हणजे तो एकाच बाजूने बसावा. होल्डर झिजलेला असला की तो उलटाही बसतो. मग टेल लाइट डोळे दिपवतो आणि ब्रेक दाबल्यावर जेमतेम फरक कळतो. डावा-उजवा उजेड जुळत नसेल तर आधी बल्ब काढून फिरवून बघा.

पाणी आत जात असेल तर काचेखालचं रबर बदला. नवं मिळत नसेल तर मोटारीच्या दारांना लावतात त्या मऊ रबरी पट्टीतून कापून घ्या. दिव्याच्या खालच्या कडेला पाणी निघायला भोक असतं, ते रंगाने किंवा सिलिकॉनने बुजवू नका.

फ्यूज

जुन्या फियाटच्या घराण्यात चिनी मातीचे निमुळते फ्यूज असतात, दोन पितळी पत्त्यांमध्ये अडकवलेले. पांढरा ८ अँपिअरचा, लाल १६ चा. फ्यूज शाबूत असूनही लाइट जात असेल तर तो बोटाने जागच्या जागी फिरवून बघा. लाइट आला तर दोष फ्यूजमध्ये नाही, पत्तीत आहे. पत्त्या बारीक पॉलिश पेपरने साफ करा, पकडीने किंचित आत वाकवा म्हणजे घट्ट धरतील. फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळलेली दिसली तर लगेच काढा. जुन्या कापडी किंवा रबरी आवरणाच्या वायरी आहेत, शॉर्ट झालं तर फ्यूजऐवजी वायरिंग जळेल. मी स्वतः ब्रेक लाइटसाठी वेगळा, आजच्या पात्याच्या पद्धतीचा फ्यूज होल्डर लावला आहे आणि जुना डबा जागेवर तसाच ठेवला आहे.

ब्रेकचा स्विच

दोन्ही लाइट जाण्यामागे सगळ्यांत जास्त वेळा हाच सापडतो. आजच्या गाड्यांत पेडलजवळ साधा खटका असतो. आपल्या जुन्या गाड्यांत बहुधा ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणारा स्विच असतो, मास्टर सिलिंडरवर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल पाइपांत ढकलणारा पंप) किंवा ब्रेकच्या पाइपांच्या जोडावर आटे आवळून बसवलेला, डोक्यावर दोन टोकं. आत पातळ पडदा असतो. दाब आला की तो पडदा दोन संपर्कांना जोडतो. साडेतीन अँपिअर दर वेळी तोडताना ठिणगी पडते आणि संपर्क खडबडीत होत जातात. पडदा चिरला तर ब्रेक ऑइल संपर्कात शिरतं. टोकांशी ओलसर दिसलं, रबरी टोपीत तेल साचलेलं सापडलं, तर तो स्विच आजच काढा. इथे प्रश्न लाइटपुरता राहिलेला नसतो, ब्रेकचं ऑइल गळतंय.

चाचणी सोपी. स्विचच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडा. लाइट ठणठणीत पेटले तर बाकीची वाट बरी आणि स्विच खराब. मंद पेटले तर स्विचबरोबर आणखीही काही आहे. वायरी तशाच जोडून ठेवल्या तर पेडलची पट्टीसुद्धा लागत नाही, मागचं सगळं शांतपणे मोजता येतं.

पण स्विचला दोष देण्याआधी ब्रेककडे बघा. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. शूज झिजले आणि ॲडजस्टमेंट झालेली नसली, किंवा पाइपात हवा असली, तर पेडल बरंच खाली गेल्यावर दाब तयार होतो. तोवर लाइट लागणारच नाही. नवा स्विच टाकूनही "उशिरा लागतो" ही तक्रार राहिली तर शूज ॲडजस्ट करा, एअर काढा, मग ठरवा.

बदलताना नवा स्विच जुन्याशेजारी धरून आटे मोजा. इंची निमुळता आटा आणि १० मिलिमीटरचा मेट्रिक आटा डोळ्यांना जवळजवळ सारखे दिसतात. चुकीचा घातला तर दोन-तीन फेरे जातो, मग जोर लावावा लागतो, आणि तेवढ्यात मास्टर सिलिंडरचे आटे गेले. हाताने सहज फिरत जायला हवा. टेफ्लॉनची टेप लावू नका, तिचा तुकडा आत गेला तर ब्रेकच्या वाटेत अडकेल. खाली फडकं धरा, कारण ब्रेक ऑइल रंग सोलून काढतं, सांडलंच तर लगेच पाण्याने धुवा. बसवल्यावर एअर काढा, पेडल पूर्ण दाबून धरून गळती बघा, आणि रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी पुन्हा बोट फिरवून बघा.

जुने शिक्के असलेले डबे बघून भुलू नका, कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या स्विचचं रबर कडक झालेलं असू शकतं. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ अखेर संपली, आणि टॅक्सीवाल्यांच्या जिवावर चालणारा सुट्या भागांचा उठावही कमी झाला. कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, अशा ठिकाणी अजून माल मिळतो. चांगला स्विच दिसला तर एक जादा घेऊन ठेवा, पण बसवण्याआधी मीटरने तपासा.

लाइट बंदच होत नसतील तर

पेडल सोडल्यावरही ब्रेक लाइट चालू राहत असेल तर नुसता स्विच बदलून गाडी रस्त्यावर आणू नका. पाइपांत दाब अडकून राहिला असेल तर स्विच आपलं काम चोख करतोय आणि ब्रेक खरंच लागलेले आहेत. थोडं चालवून थांबा, चाकांजवळ हात न्या. ड्रम तापलेले असतील तर शंका पक्की. मग एका चाकाची ब्लीडिंगची निपल (जिथून पाइपातली हवा काढतात तो छोटा स्क्रू) थोडी ढिली करा. ऑइलची चिळकांडी उडाली आणि लाइट विझला, तर दोष मास्टर सिलिंडरचा आहे. परतीचं बारीक भोक बुजलंय, पेडलला फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी हालचाल) नाही, किंवा कोणीतरी चुकीचं ऑइल ओतल्यामुळे रबरं फुगली आहेत. निपल सोडूनही लाइट चालूच राहिला तर मात्र स्विचचे संपर्क चिकटले आहेत.

रिले लावावा का? माझं मत: लावावा

रिले म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा खटका. मूळ गाडी तशीच ठेवण्याची ओढ मी समजू शकतो, मलाही आहे. पण आजचा नवा स्विच साडेतीन अँपिअर तोडत लवकर संपतो, आणि रिले लावला तर त्याच्यातून जेमतेम दीडशे-दोनशे मिलिअँपिअर जातात. जोडणी अशी: (आकडे रिलेच्या टोकांवर छापलेले असतात) स्विचमधून मागे जाणारी वायर रिलेच्या ८६ वर, ८५ बॉडीला, ३० ला बॅटरीकडून १० अँपिअरच्या फ्यूजमधून थेट वायर, आणि ८७ वरून दीड स्क्वेअर मिलिमीटरची नवी वायर मागच्या दिव्यांना. कॉइलवर आतून रेझिस्टर असलेला रिले घ्या, म्हणजे कॉइल बंद होतानाचा झटका स्विचच्या संपर्कांवर येत नाही. रिले बॉनेटखाली, पाणी वरून पडणार नाही अशा जागी, टोकं खाली करून बसवा. नवी वायर डिकीत शिरते तिथे रबरी ग्रोमेट हवाच, पत्र्याच्या धारेवर वायर घासली की नवा शॉर्ट ठरलेला. एवढं केल्यावर बल्बच्या तोंडाशी अर्धा-पाऊण व्होल्ट सहज वाढतो, आणि तो फरक उन्हातसुद्धा दिसतो.

गाडी हायवेवर नेत असाल तर आणखी एक काम करा. पेडलजवळ छोटा यांत्रिक खटका लावा आणि त्याची टोकं दाबाच्या स्विचच्या टोकांना समांतर जोडा. पाय नुसता टेकला की लाइट लागेल, आणि दोनांपैकी एक स्विच मेला तरी दुसरा आहे. पट्टी अशी वाकवून बसवा की पेडल पूर्ण वर आल्यावर खटका नक्की सुटेल.

एलईडी बल्बबद्दल विचारणा होते म्हणून लिहितो. करंट कमी घेतात, लवकर लागतात, हे खरं. पण पद्मिनीच्या दिव्यातला परावर्तक फिलामेंटच्या जागेप्रमाणे बनवलेला आहे. बरेच स्वस्त एलईडी एकाच दिशेला उजेड फेकतात आणि काचेचा अर्धा भाग काळा राहतो. घेतलेच तर लाल काचेमागे लाल रंगाचेच घ्या. आणि अर्थिंग सुधारण्याआधी लावू नका, कारण आधी सांगितलेला उलटा करंट त्यांना अर्धवट पेटता ठेवायला पुरतो.

सगळं झालं की पुन्हा तीच मोजणी करा: टेल लाइट, हेडलाइट, इंडिकेटर सगळं चालू ठेवून, ब्रेक दाबून, दोन्ही बल्बच्या तोंडाशी. आकडे एका कागदावर तारखेसह लिहा. त्याच कागदावर नव्या वायरींचे रंग, रिले कुठे बसवलाय, फ्यूज किती अँपिअरचा, हेही लिहा आणि तो दोन जादा बल्ब व एका फ्यूजबरोबर ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. पुढच्या वेळी आकडा अर्ध्या व्होल्टने घसरलेला दिसला, तर लाइट जाण्याच्या आधीच सांधा साफ करता येतो. पावसाळा संपल्यावर ही मोजणी मी न चुकता करतो.